शाळेच्या स्टोअरमधला कॅन

२३ जून २०२५, सोमवार

पुन्हा बंद पडली! शाळेचा पहिला दिवस, पुस्तकांचे गठ्ठे नावेत, आणि धरणाच्या पाण्यात ऐन मध्यावर मोटर खोकली, दोनदा फुरफुरली आणि गप्प. नावाडी कारभारीभाऊंनी दोरी ओढली. दहा वेळा, वीस वेळा. शेवटी वल्ही काढली. मोटरनं बारा मिनिटांचं पाणी, आज पाऊण तास लागला. जुन्या मांडव्याच्या काठावर मुलं उन्हात ताटकळत. चौदाच आहेत यंदा.

मी म्हटलं, "भाऊ, मोटर म्हातारी झाली तुमची."

"म्हातारा त मीबी झालो म्याडम. मी बंद पडलो का?" मग वल्हं मारता मारता म्हणाले, "मोटरले काई झालं नाई. पेट्रोल बदललं. आधीचं पेट्रोल असं नोतं."

मला वाटलं, बाजू सावरून घेताहेत. गावात बोलतातच, कारभारी रॉकेल मिसळतो म्हणून. पण पेट्रोल तर मीच आणते! दर सोमवारी नांदुऱ्याच्या पंपावरून पाच लिटर, स्कूटीवर पायाशी कॅन ठेवून. त्यांच्याकडे ना गाडी, ना पलीकडे पंप.

शिक्षण खात्यातल्या साहेबांचा आजही तोच प्रश्न. "अर्धं गाव नव्या जागी गेलं ना बाई? मग त्या उरलेल्या चाळीस घरांसाठी शाळा कशाला?" चाळीस घरांत मुलं आहेत म्हणून, साहेब. तोंडावर म्हटलं नाही. इथं म्हणते.

२६ जून, गुरुवार

मोटर धम्मरत्नच्या गॅरेजमध्ये. बाजारातला तोच एक मिस्त्री हिला हात लावतो, बाकीचे मोटारसायकलीच्या पुढं जात नाहीत. त्यानं कार्बोरेटर उघडला. आत डिंकासारखं काहीतरी. रबरी नळी बोटानं दाबून दाखवली, फुगून लिबलिबीत झालेली.

"कारभारी खोटं नाई बोलत म्याडम. ही मोटर पंधरा वर्सांची. तवा पेट्रोल निव्वळ पेट्रोल होतं. आता शंभरात वीस भाग इथेनॉल. मक्याची, उसाची दारूच म्हना. नव्या गाडीले चालून जाते. हिचे वायसर, नळ्या जुन्या रबराच्या. त्या फुगतात, अन् टाकीतला जुना गाळ सुटून इथं येऊन बसते."

"बाकी काही?"

"बाकीचंच मोठं हाये. हे पाणी पेते. हवेतली ओल ओढून घेते. जास्त पेलं का मंग फाटते, दुधासारखं. पेट्रोल वर, पाणी अन् दारू खाली. मोटर खालचंच ओढते."

किती दिवस ठेवलेलं चालतं, विचारलं. "पावसाळ्यात पंधरा. लयच झालं त वीस. बूच घट्ट पाह्यजे." वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं.

कारभारीभाऊंची माफी मागायला हवी.

२८ जून, शनिवार

माफी मागितली. ते हसले फक्त. कोकिळाबाई, त्यांची बायको, म्हणाली, "यायले कोनी खरं म्हनलं का दोन दिवस जेवन गोड लागते." नवी नळी, साफ कार्बोरेटर. आज अकरा मिनिटांत पार!

१ जुलै, मंगळवार

विज्ञान पेटीतली काचेची नळी काढली. वऱ्हांड्यात, चूल विझवून, मुलांना लांब बसवून. दहापर्यंत पाणी, वर शंभरपर्यंत पेट्रोल. बूच लावून हलवलं आणि ठेवून दिलं. मुलं श्वास रोखून. थोड्या वेळानं दोन थर दिसले. पण पाण्याची रेघ दहावर नव्हती, सव्वीसच्या आसपास! पाण्यानं पेट्रोलातलं इथेनॉल खाली ओढलं होतं.

आरोही चौथीतली. म्हणते, "म्याडम, पेट्रोलले दारू पाजली का?" एवढं हसलो!

राखी खिचडीचा डाव हातात घेऊन दारातून बघत होती. पोषण आहार तीच शिजवते. तेवीस वर्षांची, सातवा महिना चालू. सतरा नंबरचा फॉर्म भरून बारावीला बसायचंय तिला. म्हणाली, "म्याडम, परीक्षेत हे इच्यारत नाईत. इच्यारलं असतं त मी पास झाली असती." तिला इंग्रजीची भीती. रोज जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास शिकवायचं ठरवलं.

३ जुलै, गुरुवार

आज मला सुचलं आणि लगेच केलं. एक जादा कॅन शाळेत असावा. पावसाळ्यात नाला भरला की रस्ता तुटतो, मग नाव एवढाच आधार. रात्री-अपरात्री कुणाला साप चावला, कुणाची वेळ भरली, तर पेट्रोलसाठी अडायला नको. पाच लिटर, ऑइल मिसळून (या मोटरला ते पेट्रोलातच मिसळावं लागतं), स्टोअरमध्ये तांदळाच्या कोठीमागं ठेवला. पोलीस पाटील नारायणराव म्हणाले, "म्याडम, हे काम आमच्या डोक्यात यायले पाह्यजे होतं."

बरं वाटलं. उगाच कशाला खोटं लिहू, फार बरं वाटलं.

१८ जुलै, शुक्रवार

पंधरा दिवस झाले. कॅन बदलायचा. सोमवारी.

२१ जुलै, सोमवार

नावेचा कॅन आणला. दुसरा राहिला, स्कूटीवर एकच मावतो.

२९ जुलै, मंगळवार

तीन दिवस झड. छपराच्या एका कोपऱ्यातून गळतंय, तांदळाची पोती हलवली. राखीनं आज इंग्रजीत दहा वाक्यं लिहिली, आठ बरोबर. माहेरी गणपतीनंतर जाणार आहे, जळगाव जामोदला. तारीख सप्टेंबरच्या मध्याची दिलीय. दीपक तिकडं रोज फोन करून डॉक्टरांची वेळ विचारतो म्हणे. दीपक तिचा नवरा, नांदुऱ्यात मालवाहू ऑटो चालवतो. राखी म्हणते, "लय भेते तो. त्याचंच पोट हाये जसं काई!"

११ ऑगस्ट, सोमवार

कॅन. कॅन. कॅन. तीनदा लिहिलं म्हणजे लक्षात राहील.

१४ ऑगस्ट, गुरुवार

उद्याची तयारी. झेंड्याची दोरी, मुलांची गाणी, खाऊ. परत यायला साडेसहा. पाणी इतकं शांत होतं!

२५ ऑगस्ट, सोमवार

राखी गेली.

२६ ऑगस्ट, मंगळवार

लिहून काढते. नाहीतर डोक्यात गोल गोल फिरत राहतं.

काल सकाळी पंपावर रांग होती. उशीर झालेला, वरून पाऊस. म्हटलं, उद्या आणू. घाटावर कारभारीभाऊंनी टाकी हलवून बघितली. "जान्यापुरतं हाये म्याडम. परत याचं नाई." मी म्हटलं, "शाळेत आहे ना एक कॅन!" मीच म्हटलं.

अकराच्या सुमारास कोकिळाबाई धावत शाळेत आली. राखीला सकाळी सहालाच कळा सुरू झाल्या होत्या, तीन आठवडे आधी. साडेदहाला मुलगी झाली, घरातच. मुलगी रडली, चांगली होती. पण रक्त थांबेना. वार पडली नव्हती. कोकिळाबाईच्या हातांना कोपरापर्यंत रक्त.

१०८ ला फोन केला. ते म्हणाले, गाडी घाटापर्यंत येईल, पुढं नाही. दीपकला फोन केला. तो म्हणाला, मी आत्ता पोहोचतो घाटावर, तुम्ही फक्त तिला अलीकडं आणा. "फक्त आणा म्याडम."

मी स्टोअरमध्ये धावले. कॅन उचलला. तो घेऊन काठापर्यंत पळाले, चिखलात एकदा पडलेसुद्धा. कारभारीभाऊंच्या हातात दिला. त्यांनी बूच उघडलं, क्षणभर थांबले. मला वाटलं, दम घेताहेत. राखीला बाजेवरून आणून नावेत निजवलं होतं. तिनं माझ्याकडं बघितलं. ओठ पांढरे. मी पुढं होणार तेवढ्यात तिच्या सासूनं बाळ माझ्या हातात दिलं आणि ती खाली बसली ती उठेचना. चार-पाच माणसं नावेत चढू लागली. कारभारीभाऊ ओरडले, "नको! हलकी राहू द्या, लवकर जाईन." तेच, राखी आणि कोकिळाबाई. तिघंच. निघण्याआधी ते राखीजवळ वाकले. मोटरजवळ गेले. दोरी ओढली.

लागली! पहिल्याच झटक्याला. सगळ्यांनी "हां!" केलं. मी देवाचं नाव घेतलं.

निम्म्यावर पोहोचली असेल. आवाज बदलला. आधी फटफट, मग कर्र असा एक आवाज, काठापर्यंत आला तो. निळा-पांढरा धूर. मग काहीच नाही.

वारा समोरून. ते वल्ही मारत होते आणि नाव जागच्या जागी. कधी मागंही येत होती. एका माणसाची ताकद ती किती? पलीकडच्या घाटावर दीपकचा ऑटो दिसत होता, पिवळा ठिपका. त्याच्या बाजूला तो. एकदा पाण्यात शिरला, छातीपर्यंत, मग मागं झाला. या काठावर आम्ही, त्या काठावर तो, आणि मध्ये नाव. दोन तास. बाळ माझ्या हातात. ते झोपलं होतं.

नाव लागली तेव्हा दीपक तिच्यावर वाकला. मग वल्हं उचललं आणि कारभारीभाऊंना मारलं. खांद्यावर, पाठीवर. इतक्या लांबून आवाज येत नव्हता. फक्त हात वर-खाली होताना दिसत होता.

२८ ऑगस्ट, गुरुवार

काल गणपती बसले. आमच्याकडंही बसवला, पूजा माझ्या नवऱ्यानं, आल्हादनंच केली. मी आरतीला नुसती हात जोडून उभी राहिले.

दीपकनं तक्रार दिली. कारभारी पिऊन होता, मोटर नादुरुस्त असून चालवली, पेट्रोलात भेसळ केली. नाव घाटावर सील. मोटर जप्त. कारभारीभाऊंना उचलून नेलं.

ते कधी प्याले नाहीत. हे मांडव्याच्या पोराटोरांनाही माहीत आहे. कोणी बोललं नाही. मीही नाही.

१ सप्टेंबर, सोमवार

पोलिसांनी मोटर तपासायला धम्मरत्नलाच बोलावलं. तिथून परतताना तो मला बाजारात भेटला. मी टाळणार होते, त्यानंच थांबवलं.

"पिस्टन पकडलं म्याडम. सिलिंडरले उभ्या चिरा पडल्या. टाकीतलं बाटलीत काढलं त दोन थर! ऑइल सारं वरच्या थरात राह्यते. खालचं ओढलं, त्यात ऑइल नाईच. कोरडं फिरलं अन् चिकटलं. कारभारीनं काई मिसळलं नाई, असं लेहून देलं म्या." मग विचारलं, "कवाचं होतं ते पेट्रोल?"

मी म्हटलं, "आठ-दहा दिवसांचं असेल."

तो माझ्याकडं बघत राहिला. "आठ दिवसांत एवढं फाटत नाई."

"पाऊस होता ना फार," मी म्हटलं आणि स्कूटी सुरू केली.

तीन जुलै ते पंचवीस ऑगस्ट. त्रेपन्न दिवस. गळक्या छपराखाली. बुचातलं रबर फुगलेलं, पूर्ण बसतही नसेल. मला माहीत होतं. मला सगळं माहीत होतं! मी काचेच्या नळीत मुलांना दाखवलं होतं!

३ सप्टेंबर, बुधवार

ठाण्यात जबाब. "पेट्रोल तुम्ही दिलं?" "हो." "ताजं होतं?"

"हो."

खाली सही केली. अक्षर नेहमीसारखंच आलं, वळणदार.

५ सप्टेंबर, शुक्रवार

शिक्षक दिन. मुलांनी रानफुलांचा गुच्छ दिला. नाव नाही, म्हणून नाल्यापर्यंत ट्रॅक्टरवर जाते आणि पुढं चिखलातून चालत. दोन तास लागतात. खिचडी आता राखीची सासू शिजवते. बाळाला स्टोअरच्या दारात झोळीत टांगते. आज मी झोका दिला. नंतर स्टोअरमध्ये जाऊन बसले. तांदळाच्या कोठीमागं कॅनची ओली गोल खूण अजून आहे. चपलेनं घासली. गेली नाही.

८ सप्टेंबर, सोमवार

कारभारीभाऊंना जामीन मिळाला. गावात त्यांना पाणी कोणी विचारत नाही. नारायणराव मला म्हणाले, "म्याडम, तुमी होत्या म्हनून पेट्रोल त मिळालं. त्या कारभाऱ्यानं घात केला."

मी मान हलवली. होकारार्थी. ही मान!

१२ सप्टेंबर, शुक्रवार

आल्हादला सांगितलं. चहा पिता पिता, एका दमात. त्यानं कप खाली ठेवला. मग: "तू मुद्दाम केलंस का? नाही ना? मग? चांगल्या मनानं ठेवला होतास तू तो कॅन. धरणापलीकडं पेट्रोल नाही, दवाखाना नाही, पूल नाही. हे तुझं काम होतं का? आता नोकरी घालवशील, आणि राखी परत येणार आहे?"

एकेक शब्द खरा. म्हणूनच झोप लागत नाही.

म्हटलं, "राखी नाही येणार. पण कारभारीभाऊ अजून आहेत ना."

तो उठून बाहेर गेला.

१५ सप्टेंबर, सोमवार

आज तिची तारीख होती.

दहाला ठाण्यात गेले. आल्हाद सोबत आला! सकाळी गाडीची किल्ली घेऊन दारात उभा. म्हणाला, "एकटी नको जाऊस."

हवालदार म्हणाले, "म्याडम, कायले अंगावर घेता? केस त त्याच्यावर हाये. पेट्रोलचं कोन पाह्यते?"

म्हटलं, "लिहून घ्या. कॅन माझा. त्रेपन्न दिवसांचा. जुनं पेट्रोल या मोटरला चालत नाही, हे मला जूनपासून माहीत होतं. कारभारींना कॅन दिला तेव्हा तो जुना आहे हे सांगितलं नाही. ते प्यालेले नव्हते. रोज मी त्यांच्या नावेत असते, मला माहीत आहे."

दीड तास लागला. साहेबांना फोन झाला. साहेबांचा मला. आवाज चढलेला. चौकशी लागेल म्हणाले, निलंबनही. बाहेर आले. दाराशी दीपक उभा होता, त्यालाही बोलावलं होतं. त्याला कळलं होतं. तो मला मारेल असं वाटलं. मारायला हवं होतं. तो फक्त म्हणाला, "तुमी तिले इंग्रजी शिकवत होत्या." आणि भिंतीकडं तोंड केलं.

१७ सप्टेंबर, बुधवार

आज कारभारीभाऊंच्या घरी गेले. ते जाळं दुरुस्त करत होते. सगळं सांगितलं. त्यांनी मान वर केली नाही.

"मले मालूम होतं म्याडम. बूच फिरवलं तवाच आंबूस वास आला. हे मधातच दगा देनार, समजलं मले. पन दुसरं होतं कोठं?"

कोकिळाबाई आतून आली. म्हणाली, "यायनं राखीले सांगतलं बी. वाकून इच्यारलं. बाई, पेट्रोल खराब हाये, मोटर बंद पडू शकते, काय करू? पोरीचं डोकं माह्या मांडीवर. शुद्धीत होती. म्हने, इथं त मरतेच ना काका. चालू करा."

मी विचारलं, "हे पोलिसांना का नाही सांगितलं? दीपकला?"

कारभारीभाऊंनी जाळ्याची गाठ आवळली.

"मेलेल्या लेकरावर कायले ढकलू, म्याडम?"